भाव कानात पडायच्या आधी

मामानं सिगार हातात घेतला आणि थेट कानाशी नेला. अंगठा नि दोन बोटं यांच्यात धरून बुडापासून टोकापर्यंत हळूहळू दाबत गेला. गाभण म्हशीच्या पोटावरून हात फिरवावा, तितक्या हलक्या हातानं. "पान वाजत न्हाय," म्हणाला, "पाणी बरोबर हाय ह्यात." मग सिगार नाकाशी गेला. डोळे मिटले. एक लांब श्वास, मग थांबून दोन आखूड.

"ह्याच्यावर कागदाचा पट्टा असतोय न्हवं? कुठं गेला?"

"काढून ठेवलाय, मामा."

"आन् किंमत?"

"ती पण मागनं सांगतो."

त्यानं डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. "बरं केलास," म्हणाला आणि परत डोळे मिटले.

मामा निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीत चाळीस वर्षं माल बघायच्या कामावर होता. आता तो 84 वर्षांचा आहे. वखारीतल्या धुरळ्यानं छाती धरली, डॉक्टरांनी तंबाखू तोडायला लावली, त्यालाही बरीच वर्षं झाली. पण नाक शाबूत आहे. मामेभाऊ जहाजावर नोकरीला असतो. गेल्या वेळी येताना त्यानं माझ्यासाठी दोन प्रकारचे सिगार आणले, एक निकाराग्वाचा, एक डॉमिनिकन रिपब्लिकचा. माझी ही आवड घरात सगळ्यांना ठाऊक आहे. वर्षाला पाच-सहा, त्यापेक्षा जास्त नाही. सिगारचा धूर छातीत घेत नाहीत हे खरं, पण तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर त्यानं टळत नाही. निपाणीत वाढलेल्या माणसाला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही, गल्लीत दिसतं. तरीही पान समजून घ्यायची ओढ सुटत नाही. ज्या पानावर आमचं घर उभं राहिलं, त्याची चव जगात दुसरीकडं माणसं कशी तोलतात, हे मला बघायचं असतं.

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, तीन एकर काळी वेदगंगेच्या काठाला. मृगात तंबाखूचा तरवा टाकायचा. बी इतकं बारीक की राखेत मिसळून फोकावं लागतं, नाहीतर एकाच जागी पडतं. श्रावण-भाद्रपदात लावण. रोप गुडघ्याच्या वर आलं आणि कळी दिसायला लागली की शेंडा खुडायचा, म्हणजे फुलात जाणारी ताकद पानात उतरते. मग बगलेतून फुटवे येतात, तेही दर आठवड्याला मोडायचे. हे काम करताना हाताला जो काळा चिकटा बसायचा, तो राखेनं घासला तरी जायचा नाही. आईनं थापलेली भाकरी त्या दिवसांत कडू लागायची. लहानपणी मला वाटायचं, भाकरी हिवाळ्यात कडूच असते.

पुढं हिवाळ्यात कापणी. रोप बुडातून तोडून शेतातच पसरायचं. दिवसा ऊन, रात्री दंव. हिरवं पान पिवळं होतं, मग तांबूस, मग काळपट तपकिरी, आणि चांगल्या पानावर कापणीआधीच उठलेले ठिपके दिसतात. ठिपका बघून शेतकरी खूश व्हायचा, कारण ठिपका म्हणजे पान पुरतं पिकलं. कन्नडमध्ये तंबाखूला होगेसोप्पु म्हणतात, धुराचा पाला. आमच्या शेजारची गौडांची आजी हा शब्द असा म्हणायची की त्यात मेथी-शेपूची आपुलकी यायची. मला तो आमच्या तंबाखू या शब्दापेक्षा जास्त आवडतो.

बिडीची तंबाखू आणि सिगारची तंबाखू एकाच जातकुळीची, निकोटियाना टॅबॅकम. पण निपाणीचं पान कधी सिगारच्या अंगावर चढणार नाही. ते जाड, कडक, चिकट. त्याचा जर्दा, म्हणजे बारीक चुरा करायचा, तेंदूच्या पानात भरायचा, चार-पाच मिनिटांत ओढून संपवायचा. सिगारला मात्र तिन्ही थरांत तंबाखूचंच पान लागतं. आत भरण, भरणाला धरून ठेवणारं मधलं पान आणि वरून गुंडाळलेलं पातळ, गुळगुळीत, शिरा न दिसणारं पान. क्यूबात त्यांना त्रिपा, कपोते आणि कपा म्हणतात. वरच्या पानासाठी काही ठिकाणी अख्ख्या शेतावर कापड ताणून सावली करतात, म्हणजे ऊन चाळून येतं आणि पान पातळ राहतं. भरणातली पानंही एकाच झाडाच्या वेगवेगळ्या मजल्यांवरची. खालची पानं हलकी, नीट जळणारी, त्यांना व्होलादो म्हणतात. मधली सेको, वास त्यांच्यात. शेंड्याजवळची लिहेरो, उन्हात पोसलेली, जाड, हळू जळणारी. लिहेरो नेहमी मधोमध ठेवतात. कडेला आली तर सिगार एका अंगानं जळत जातो आणि होडीसारखा पोखरतो.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अण्णांची आठवण झाली. तेही म्हणायचे, "खालच्या पानात जीव न्हाई, वरच्या पानात दया न्हाई."

सिगारच्या पानाला आमच्या तंबाखूपेक्षा पुष्कळ जास्त वेळ मिळतो. वाळवलेली पानं भिजवून त्यांचे मोठे ढीग रचतात. ढीग आतून तापायला लागतो, हात घातला तर चटका बसावा असा. ठराविक गरमी झाली की ढीग मोडायचा, आतलं पान बाहेर, बाहेरचं आत, पुन्हा रचायचा. या घामात पानातला अमोनिया उडून जातो आणि पहिला तिखटपणा बसतो. हे काम घाईनं उरकलं तर कितीही नामांकित सिगार असू दे, पेटवल्याबरोबर गोठ्यातल्या मुताचा वास नाकात चढतो. तो वास एकदा ओळखता आला की पुढं कुणाला विचारावं लागत नाही.

म्हणून पेटवण्याआधी मी बराच वेळ काढतो. मामाकडूनच शिकलेलं हे. बुडापासून टोकापर्यंत बोटांनी चाचपायचं. मध्येच पोकळ लागलं तर तिथं सिगार गरम होऊन भडकणार, गाठ लागली तर ओढ बसणार नाही. वरच्या पानावर हलका तेलकटपणा असावा. बारीक गोल भोक दिसलं तर सरळ बाजूला ठेवायचा, ती तंबाखूच्या किड्याची खूण, आणि एका सिगारमधून तो सगळ्या डब्यात फिरतो. मग टोकाची टोपी दोन मिलिमीटर कापायची, जास्त कापली तर पान उलगडतं. आणि न पेटवताच एक झुरका ओढायचा. या कोऱ्या झुरक्यात पानाची खरी जात कळते, आगीनं अजून काही लपवलेलं नसतं.

पेटवल्यावर घाई नको. मिनिटाला एक झुरका, फार तर. भराभरा ओढला तर आतली आग वाढते आणि उत्तम पानही करपून कडू होतं. नवखे लोक मग पानाला नावं ठेवतात. धूर तोंडात फिरवायचा, सोडायचा, आणि अधूनमधून त्यातला थोडासा नाकावाटे. निम्मी चव नाकातच असते. सिगारचे तीन भाग धरतात. पहिल्या भागात तिखटपणा आणि ताजेपणा, दुसऱ्यात पान मोकळं होतं, तिसऱ्यात उष्णता वाढून सगळं दाट होतं. चांगला सिगार या तिन्ही भागांत बदलतो. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच सूर लावणारा सिगार मला बेताचाच वाटतो, मग तो सूर कितीही गोड असो.

कडकपणा आणि चव यांची गल्लत मात्र सगळीकडं होते. झटका निकोटिनचा असतो, तो पोटात आणि कपाळात कळतो. चव जिभेवर आणि नाकात. काळ्याभोर पानाचा सिगार बघून लोक घाबरतात, पण तो रंग बहुतेक वेळा जास्त दिवसांच्या घामातून आलेला असतो आणि त्यात गोडवाच जास्त असतो. राखेचंही तसंच. पांढरी, घट्ट, बोटभर टिकणारी राख दिसायला सुंदर, पण रंग बराचसा जमिनीतल्या क्षारांवर ठरतो. आमच्याकडं खाऱ्या विहिरीच्या पाण्यावर काढलेली तंबाखू पेटता पेटायची नाही, विझून विझून जायची. पाण्यातलं क्लोराइड पानात उतरलं की असं होतं, आणि पालाश, म्हणजे पोटॅश, भरपूर मिळालं की पान सुखानं जळतं. अण्णा यातलं रसायन जाणत नव्हते. ते एवढंच म्हणायचे, "नदीचं पाणी पेटतंय, हिरीचं पाणी रुसतंय."

शब्दांनी मला फार दिवस अडवलं होतं. सिगारवर लिहिणारे परदेशी लोक सीडर, लेदर, कोको असं काही लिहितात. मी तेच शब्द वहीत उतरवायचो आणि वाचताना मला काहीच आठवायचं नाही. एकदा अथणीला गेलो होतो. चप्पल करणाऱ्यांच्या घरासमोर उंबऱ्यात कातडी वाळत टाकलेली, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेली. उन्हानं तापलेल्या त्या कातड्याचा वास आला आणि मी जागीच थांबलो. हाच तो वास. त्यानंतर वहीतले सगळे शब्द बदलले. सीडरच्या जागी 'नव्या शिसपेन्सिलीला टोक केल्यावर पडणारी सालपटं' आली. कोको गेला, 'कुंद्याच्या कढईत तळाला लागलेली तांबूस खरवड' आली. बेळगावात राहून कुंदा सोडून दुसऱ्याचा कोको कशाला धरायचा? पुढं पुढं 'चुलवणाजवळची काकवी', 'दंव पडलेला कडबा', 'खलबत्त्यात फुटलेलं मिरं', 'वैशाखातल्या वळवानं भिजलेली काळी' असे शब्द येत गेले. माझी जीभ या मुलखात तयार झाली आहे, तिला तिच्याच भाषेत विचारलं की ती बरोबर सांगते.

तंबाखू तरी कुठं इथली? पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती गोव्याकडच्या किनाऱ्यानं दख्खनेत आली. 1604 च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापूरच्या दरबारातून परतताना ती सोबत घेऊन गेला. अकबरानं ओढून पाहिली, हकिमानं हरकत घेतली. बेळगाव तेव्हा त्याच आदिलशाहीत होतं. म्हणजे दिल्ली-आग्र्याच्या आधी या पानाचा वास आमच्या बाजूला पोचला होता. मला या गोष्टीचा अभिमान वाटावा की काळजी, हे ठरत नाही, दोन्ही वाटतं.

मामाचं माल बघणं मी लहानपणी वखारीच्या दारात उभा राहून पाहिलेलं आहे. बोद, म्हणजे तंबाखूचं मोठं पोतं, सोडायचा, कोपरापर्यंत हात आत घालायचा, वरचा माल दाखवायला ठेवलेला असतो म्हणून तळातली मूठ बाहेर काढायची. मूठ आवळून उघडायची. जर्दा हळूहळू फुलला तर पाणी बरोबर, गोळा तसाच राहिला तर ओला, भुगा झाला तर कोरडा. मग तळहातावर चोळून वास. मग चिमूटभर पेटवून बघायचं. शेवटी एक शब्द: "कसदार", "बरा" किंवा "हलका". त्या एका शब्दावर शेतकऱ्याचं वर्ष ठरायचं. तिथल्या तिथं दर, त्यातून ओलीचा कडता, आधीची उचल वजा, आणि हातात पट्टी. पैसे हप्त्यानं.

1980 च्या सुगीत अण्णांचा माल त्याच वखारीत गेला. मामानं मूठ काढली, आवळली, उघडली, वास घेतला. अण्णा समोर उभे. मी त्यांचं धोतर धरून. मामा खाली बघून म्हणाला, "हलका हाय, दाजी."

अण्णा काही बोलले नाहीत. घरी आल्यावर आईनं विचारलं तेव्हा "तुझ्या भावाचं नाक बसलंय" एवढंच म्हणाले. त्या वर्षी बहिणीचं लग्न पुढं ढकललं. मामा सणासुदीला यायचा, अण्णा त्याला "या पाव्हणं" म्हणायचे, पाट मांडायचे, जेवायला वाढायला लावायचे. पण पुन्हा कधी त्यांनी मामाला मालाची मूठ दाखवली नाही. पुढच्या वर्षी, 1981 च्या मार्च-एप्रिलात, शरद जोशींच्या मागं हजारो तंबाखू शेतकरी निपाणीजवळ पुणे-बेंगळुरू रस्त्यावर बसले, त्यात अण्णा होते. मागणी साधी होती, तंबाखूला रास्त भाव. 6 एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी मेले. अण्णा दोन दिवसांनी चालत घरी आले, तेव्हा त्यांच्या अंगाला डांबराचा आणि घामाचा वास येत होता. तो वास माझ्या वहीत नाही. लिहिता आला नाही.

मामाच्या सोप्यात बसलो होतो त्या दिवशी आषाढाचा पाऊस लागला होता. असल्या हवेत सिगार फुगतात, वरचं पान तडकतं, बुरशी येते, म्हणून मी ते स्टीलच्या घट्ट डब्यात ठेवतो आणि आतली ओल 65 ते 70 टक्क्यांत राहील असं बघतो. ओल मोजायचं यंत्र खरं बोलतं का, तेही तपासून घेतलेलं. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थोडं पाणी घालून चिखलासारखं करायचं, यंत्रासकट बरणीत बंद करायचं, आणि सहा-आठ तासांनी आकडा 75 यायला हवा. मिठाचा हा गुण कुठंही बदलत नाही. मामाला हे फार आवडलं. "मिठाला कुणी पढवून ठेवत न्हाई," तो म्हणाला.

मग दुसरा सिगार त्यानं हातात घेतला, बुडाचा वास घेतला आणि लगेच लांब धरला. "ह्येची घाई झालीया. ढीग नीट तापू दिला न्हाई." पहिल्याकडं बोट करून म्हणाला, "त्यो निवांत बसलेला हाय."

"मामा, तू न ओढता एवढं सांगतोस. वखारीत तर पेटवून बघायचास. मग चुकत नसशील कधी."

तो बराच वेळ पन्हळीतून पडणारं पाणी बघत राहिला.

"नमुना हातात येयाच्या आदी भाव माझ्या कानात आलेला असायचा," तो म्हणाला. "शेठ सकाळीच सांगायचं, औंदा अमक्या दराच्या वर जायाचं न्हाई. मग मी वास घ्यायचो. वास घेताना नाकात त्यो दरच यायचा."

मी विचारणार नव्हतो. पण तोंडातून गेलंच. "आणि अण्णांचा माल?"

"दाजींचा माल..." त्यानं सिगार मांडीवर ठेवला. "त्या साली वेदगंगेच्या काठाला तसला दुसरा माल मी बघितला न्हाई. अंगभर ठिपका. हाताला चिकट. वास असा की शिंक यावी, पर ठसका लागू नये. पेटवला तवा राख नखाएवढी उभी ऱ्हायली. आन् मी हलका म्हनलो."

आत मामी भांडी घासत होती. तिचा हात थांबल्याचं ऐकू आलं, मग पुन्हा सुरू झाला.

"दाजींला कळलं हुतं," मामा म्हणाला. "मला कळलंय, ह्ये त्यांला कळलं हुतं. म्हणून त्ये कदी भांडलं न्हाईत."

मी काय बोलणार? अण्णांना जाऊन अकरा वर्षं झाली. मामानंच मला सावरलं. सिगार माझ्या हातात देऊन म्हणाला, "पेटव आता. मी नुसता वास घेतो. आन् तू किंमत सांगू नगंस. आदी लिही."

मी अंगणाच्या कडेला वळचणीखाली बसलो, धूर त्याच्या अंगावर जाऊ नये म्हणून. पहिला सिगार पेटवला. बूड आधी ज्योतीपासून लांब धरून शेकलं, मग हळूहळू फिरवत लाल केलं. पहिल्या भागात मिरं आणि कोरडा कडबा. बोटभर जळल्यावर ती अथणीची उन्हातली कातडी आली, आणि तिच्या मागून काकवी. ओढ मोकळी, जळणं सारखं. दुसरा सिगार मी अर्ध्यावर सोडला. मामानं सांगितलेला तिखट वास पहिल्याच झुरक्याला आला आणि पुढं कमी झाला तरी गेला नाही.

वही काढून मी सगळं लिहिलं. मामानं वही मागितली, डोळ्यांजवळ धरून वाचली. 'काकवी' या शब्दावर बोट ठेवून म्हणाला, "काकवी न्हवं. चिक्की गूळ. काकवीत वलावा असतोय." मी खोडून 'चिक्की गूळ' लिहिलं. त्याचं बरोबर होतं.

दोन्ही पट्टे आणि किमतीची चिठ्ठी माझ्या खिशात होती. निघेपर्यंत मामानं विचारलं नाही. आता ती वहीच्या मागच्या पानात आहेत. त्या वहीत मामानं सांगितल्यावरून मी आणखी एक नोंद केली, सिगारची नव्हे. वर लिहिलं आहे: निपाणी, सुगी 1980, वेदगंगेकाठची काळी. खाली मामाचेच शब्द: अंगभर ठिपका, हाताला चिकट, शिंक यावी पण ठसका लागू नये, राख नखाएवढी उभी. आणि शेरा: कसदार.